व्याकरणात पूर्ण गुण, पण परिच्छेद लिहिता येत नाही: तासिका कशाच्या वाढवाव्यात?

आपण आठवीच्या ५२ मुलांना मराठी शिकवता. व्याकरणाच्या चाचणीत निम्म्याहून अधिक मुले २० पैकी १७-१८ गुण मिळवतात, प्रयोग ओळखतात, समासाचा विग्रह करतात. आणि त्याच मुलांना ‘पावसाळ्यातील एक दिवस’ यावर पंधरा ओळी लिहायला सांगितल्या की एक वाक्य दुसऱ्या वाक्याला धरून येत नाही. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे की व्याकरण आणखी पक्के करून घ्या. एका प्रशिक्षणात मात्र आपल्याला सांगण्यात आले की व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, तेव्हा त्या तासिका सरळ बंद करा. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते दोघांचेही पूर्णपणे ऐकू नये. हा प्रश्न वरवर ‘व्याकरण हवे की नको’ असा दिसतो, पण तो तसा नाही. आपली मुले चाचणीत जे करून दाखवतात ते समोरच्या तयार वाक्याला नाव देण्याचे काम आहे. लिहायला बसल्यावर समोर वाक्यच नसते. ते घडवायचे असते, आणि घडवताना दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा असतो. ओळखण्याचा भरपूर सराव दिला की घडवणे आपोआप जमेल, असे आपण शिक्षक गृहीत धरतो. मीही कित्येक वर्षे तसेच धरून चालले होते.

सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या गावांतील मुलांना मी २८ वर्षे मराठी शिकवले. सुरुवातीच्या वर्षांत माझा वर्ग ‘स, ला, ते’ एका सुरात म्हणत असे आणि तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जात. त्या वर्गातील एका मुलाने चाचणीत ‘मुलाने अभ्यास केला’ हे वाक्य कर्मणी प्रयोगाचे म्हणून अचूक ओळखले, क्रियापद कर्माप्रमाणे बदलते हे कारणही नीट लिहिले, आणि पुढच्याच पानावर मामाला लिहिलेल्या पत्रात ‘मी खूप अभ्यास केलो’ असे लिहिले. मी ‘केलो’भोवती लाल गोल काढला, अर्धा गुण कापला आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. त्या मुलाच्या घरी आणि गल्लीत सगळेच ‘मी काम केलो’, ‘मी भात खाल्लो’ असे म्हणत. शेजारच्या कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याच्याच मागे जाते आणि त्या पट्ट्यातील मराठी बोलीतही पुष्कळदा तसेच होते. प्रयोगाचा नियम हा परीक्षेत येणाऱ्या वाक्यांसाठी असतो, अशी त्या मुलाची समजूत होती. तो नियम त्याच्या स्वतःच्या वाक्यालाही लागू आहे, हे त्याला कोणी दाखवलेच नव्हते. मी तर नव्हतेच.

आता संशोधनाविषयी. प्रशिक्षणात आपल्याला जे सांगितले गेले त्याला आधार आहे, पण ते अर्धवट सांगितले गेले आहे. अमेरिकेत १९६३ साली ब्रॅडॉक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तोवरच्या लेखनविषयक संशोधनाचा आढावा घेतला आणि असा निष्कर्ष काढला की औपचारिक व्याकरण शिकवण्याचा लेखन सुधारण्यावर नगण्य परिणाम होतो, आणि त्यापायी प्रत्यक्ष लेखनाचा सराव मागे पडत असल्याने तो अपायकारकही ठरू शकतो. हे वाक्य पुढे फार ठिकाणी उद्धृत झाले, पण त्यातला अपाय व्याकरणाच्या ज्ञानाने होत नाही, त्यापायी गेलेल्या वेळेने होतो, हे सांगायचे बहुतेक जण विसरतात. त्यानंतर न्यूझीलंडमध्ये एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४८ विद्यार्थ्यांचा तीन वर्षे पाठपुरावा केला. एका गटाला पारंपरिक व्याकरण शिकवले, दुसऱ्याला अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांच्या विचारातून आलेले त्या काळचे नवे व्याकरण, आणि तिसऱ्याला व्याकरणाऐवजी जादा वाचन व लेखन दिले. १९७६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की तीन वर्षांनंतरही मुलांच्या लेखनाच्या गुणवत्तेत गटागटांत सांगण्यासारखा फरक पडलेला नव्हता.

मला सर्वांत उपयोगी पडला तो ग्रॅहम आणि पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांवरील प्रयोग एकत्र करून मांडलेला हिशेब. अशा हिशेबात परिणामाचे माप साधारण ०.२ असेल तर लहान, ०.५ असेल तर मध्यम आणि ०.८ असेल तर मोठा समजण्याचा प्रघात आहे. लेखनाची आखणी, दुरुस्ती आणि संपादन कसे करायचे हे पायरीपायरीने शिकवण्याचे माप ०.८२ निघाले; सारांश लिहायला शिकवण्याचेही तेवढेच. मुलांनी मिळून लिहिण्याचे ०.७५, छोटी वाक्ये जोडून मोठी करण्याच्या सरावाचे ०.५०, चांगल्या नमुन्यांचा अभ्यास करण्याचे ०.२५. आणि स्वतंत्रपणे व्याकरण शिकवण्याचे उणे ०.३२.

या उणे आकड्यावरून ‘व्याकरण शिकवले की मुले बिघडतात’ असे म्हणणे मात्र चुकीचे आहे. त्यांतील पुष्कळ प्रयोगांत व्याकरण शिकणारा गट हा तुलनेसाठी बाजूला ठेवलेला गट होता. म्हणजे एका गटाला नवी पद्धत दिली आणि दुसऱ्याला नेहमीप्रमाणे व्याकरण करायला बसवले. नवी पद्धत पुढे गेली तर तुलनेचा गट मागे दिसणारच. त्यामुळे हा आकडा मी ‘या वेळात याहून चांगले काही करता आले असते’ एवढ्याच अर्थाने घेते.

त्याच्या जोडीला इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या डेब्रा मायहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम पाहावे. त्यांनी ३१ शाळांतील १२-१३ वर्षांच्या ७४४ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यात व्याकरणाचा वेगळा तास नव्हता. गोष्ट, कविता किंवा युक्तिवाद लिहिताना ‘हे वाक्य येथे आखूड ठेवले तर वाचणाऱ्यावर काय परिणाम होतो’ अशा प्रश्नातून व्याकरण आणले होते, आणि या गटाचे लेखन दुसऱ्या गटापेक्षा सुधारले. मात्र लाभ मुळात बरे लिहिणाऱ्या मुलांना अधिक झाला, आणि शिक्षकाचे स्वतःचे व्याकरण किती पक्के आहे यावरही तो अवलंबून राहिला. पुढे लहान मुलांवर झालेल्या चाचणीत एवढा लाभ दिसला नाही. म्हणजे हाही रामबाण उपाय नव्हे. पण व्याकरण लेखनात कोणत्या वाटेने शिरू शकते ते यातून कळते.

हे सगळे आकडे इंग्रजी लिहिणाऱ्या मुलांचे आहेत, आणि ते मराठीच्या वर्गात जसेच्या तसे उचलून आणता येत नाहीत. इंग्रजी नामांना प्रत्यय जवळजवळ उरलेले नाहीत. आपल्याकडे प्रत्यय लागायच्या आधी नामाचे रूपच बदलते. पण गंमत अशी की जे मूल घरी मराठी बोलते ते शाळेत यायच्या आधीच ‘घोडाला’ न म्हणता ‘घोड्याला’ म्हणत असते. सामान्यरूप हा शब्द त्याला ठाऊक नसतो, सामान्यरूप मात्र येत असते. अशा मुलाकडून विभक्तीचा तक्ता वर्षभर घोकून घेणे म्हणजे चालता येणाऱ्याला पायाच्या स्नायूंची नावे पाठ करायला लावणे होय. याउलट ज्यांच्या घरी कन्नड, तेलुगू, हिंदी किंवा लमाणी बोलतात, त्या मुलांना हीच रूपे शिकावी लागतात, आणि तीसुद्धा तक्त्यातून येत नाहीत. ती वापराच्या, तोंडी आणि लेखी सरावातून येतात. आपल्या ५२ मुलांत अशी किती आहेत हे आपण लिहिलेले नाही. ती संख्या मोठी असेल तर माझ्या पुढच्या सूचनांचा क्रम बदलेल आणि बोलण्याच्या सरावाला पहिली जागा द्यावी लागेल.

ज्यांची बोली वेगळी आहे त्यांच्यासाठी मी पुढे एक साधी गोष्ट केली. फळ्याचे दोन भाग करून एकीकडे ‘घरची मराठी’ आणि दुसरीकडे ‘वहीतली मराठी’ असे लिहायचे, आणि मुलांनीच वाक्ये सांगायची. ‘मी काम केलो’ आणि ‘मी काम केले’ ही वाक्ये समोरासमोर आली की मुले स्वतःच विचारतात की असे का. कोल्हापूरकडून बदली होऊन आलेल्या घरातील एक मुलगी ‘मी आलो’ म्हणायची, तिचेही वाक्य डाव्या बाजूला मानाने गेले. तेव्हा कुठे प्रयोगाच्या नियमाला काही काम मिळते. डाव्या बाजूचे वाक्य ‘चूक’ आहे असे मी म्हणत नसे, कारण ते चूक नाही. ते अर्जात चालत नाही, एवढेच.

ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे मुलाचा कान मदत करत नाही. ‘कवी’मधला शेवटचा स्वर आखूड की लांब हे बोलताना नीट कळत नाही आणि त्यामुळे अर्थही बदलत नाही, म्हणून येथे नियम सरळ सांगावा लागतो, आणि तो सांगून टाकणे सर्वांत स्वस्त पडते. साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. आठवीच्या मुलांना हे अठराच्या अठरा देण्याची गरज नाही. मी तीनच पक्के करून घेत असे. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार सामान्यतः दीर्घ: पाटी, गुरू, बुद्धी. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा मराठी शब्दातील इकार-उकार दीर्घ: गरीब, वकील, फूल, बहीण. आणि अशा शब्दाला प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व: गरिबाला, वकिलाने, फुलांचा, बहिणीकडे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र तिसऱ्या नियमाला जुमानत नाहीत; शरीर – शरीराला, गीत – गीताचा. एवढ्याने मुलांच्या रोजच्या चुकांपैकी बऱ्याच निकालात निघतात. रोज तासिकेच्या सुरुवातीची पाच मिनिटे, फळ्यावर पाच शब्द, आणि प्रत्येक शब्दाला प्रत्यय लावून वाक्य. याहून जास्त वेळ मी शुद्धलेखनाला दिला नाही.

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे येते. आपण वर्गातला जो परिच्छेद उतरवून पाठवला आहे (‘आम्ही उठलो आणि मग पाऊस आला आणि मग आम्ही शाळेला गेलो आणि मग शाळा सुटली’), त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. व्याकरणाच्या चाचणीत हे वाक्य उत्तीर्ण होईल. या मुलाकडे दोन घटना जोडायला ‘आणि मग’ एवढी एकच दोरी आहे, आणि तेथेच त्याचे लेखन अडले आहे. मराठीत अशा जोडण्या किती आहेत पाहा: येऊन, आल्यावर, येताच, येताना, आल्यामुळे, आला तरी, जो–तो, जेव्हा–तेव्हा, म्हणून, पण, तर. बोलताना हीच मुले त्यांतील बहुतेक सफाईने वापरतात. वही उघडली की मात्र विसरतात.

यासाठी मी वाक्यजोडणीचा तास घेत असे. अमेरिकेत मेलन यांनी १९६९ साली आणि ओहेअर यांनी १९७३ साली या सरावाचे प्रयोग केले होते. ओहेअर यांनी व्याकरणाची एकही संज्ञा न शिकवता केवळ जोडणीचा सराव देऊन सातवीच्या मुलांच्या वाक्यरचनेत आणि लेखनाच्या दर्जात सुधारणा दाखवली. आपल्या भाषेत हा सराव कसा चालतो ते एका तासाच्या उदाहरणाने सांगते. फळ्यावर मी ही पाच वाक्ये लिहिली होती:

पाऊस थांबला.
आई अंगणात आली.
दोरीवर कपडे होते.
कपडे पुन्हा भिजले होते.
ती काहीच बोलली नाही.

सूचना एवढीच की यांची दोन किंवा एक वाक्य करा. ‘आणि’ एकदाच वापरता येईल, ‘मग’ अजिबात नाही. दहा मिनिटांनी फळ्यावर तीन उत्तरे आली. पहिले: ‘पाऊस थांबल्यावर आई अंगणात आली, तर दोरीवरचे कपडे पुन्हा भिजले होते. ती काहीच बोलली नाही.’ दुसरे: ‘दोरीवरचे कपडे पुन्हा भिजलेले पाहूनही पाऊस थांबल्यावर अंगणात आलेली आई काहीच बोलली नाही.’ तिसरे: ‘पाऊस थांबून आई अंगणात आली आणि दोरीवरचे कपडे भिजले होते म्हणून ती काहीच बोलली नाही.’

पहिल्यातील ‘तर’वर आम्ही बराच वेळ थांबलो. तो काढून ‘आणि’ घातला तर काय जाते, असे विचारल्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘आईला माहीत नव्हतं ते जातं.’ अगदी बरोबर. दुसऱ्या वाक्यात सगळे कोंबले गेले आहे हे मोठ्याने वाचताच कळले. वाचणाऱ्याचा श्वास ‘अंगणात आलेली’पाशी संपला. ‘ती काहीच बोलली नाही’ हे वाक्य एकटे, शेवटी ठेवले तर आईचे गप्प राहणे जास्त ऐकू येते, असे दोन-तीन मुलींनी सांगितले. तिसऱ्यातील ‘म्हणून’वरून वाद झाला. आई कपडे भिजले म्हणून गप्प बसली, की भिजले तरी गप्प बसली? मूळ पाच वाक्यांत हे कोठेच नव्हते. जोडणाऱ्याने ते ठरवले होते. जोडणीचा शब्द निवडताना आपण अर्थच निवडत असतो, हे त्या दिवशी मला वेगळे सांगावे लागले नाही.

राहिले ‘पाऊस थांबून आई आली’. हे सर्वांच्याच कानाला खटकले, पण का ते सांगता येईना. मग ‘आई हात पुसून बाहेर आली’ हे वाक्य शेजारी लिहिले. पुसणारी आईच आणि येणारीही आईच. वर मात्र थांबतो पाऊस आणि येते आई. दोन्ही क्रियांचा कर्ता एक असेल तर ‘ऊन’, वेगळा असेल तर ‘ल्यावर’, असा नियम मुलांनीच बनवला आणि मी समाधानाने खडू खाली ठेवला. तेवढ्यात एका मुलीने विचारले, ‘बाई, मग ‘पाऊस पडून रस्ता निसरडा झाला’ हे कसं चालतं?’ कर्ते दोन, आणि वाक्य तर निर्दोष. मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही आणि ‘उद्या सांगते’ असे म्हणावे लागले. रात्री उदाहरणे गोळा करत बसले: भिंत पडून दोघे जखमी झाले, ताप येऊन तो अशक्त झाला. दुसऱ्या दिवशी वर्गाने मिळून असे ठरवले की पहिल्या घटनेमुळेच दुसरी आपसूक घडत असेल तर कर्ते दोन असले तरी ‘ऊन’ चालते. आई अंगणात आपल्या मनाने येते, म्हणून तेथे चालत नाही. धातूपासून बनलेल्या अशा रूपांची ‘धातुसाधित’ ही संज्ञा मी त्यानंतर सांगितली, आणि ती त्या वर्गाला दहावीपर्यंत पुन्हा सांगावी लागली नाही.

या सरावाचा एक धोकाही सांगून ठेवते. महिन्याभरात मुलांना लांब वाक्यांचा नाद लागतो आणि ती प्रत्येक वाक्याला ‘पाहूनही’, ‘असल्यामुळे’ लावू लागतात. म्हणून दर तिसऱ्या वेळी उलटा सराव द्यावा: एखादे लांबलचक सरकारी परिपत्रकी वाक्य द्यायचे आणि त्याची चार सरळ वाक्ये करायला सांगायची. परिपत्रके शाळेत हवी तेवढी मिळतात.

तपासणीबद्दल आपण ओझरते लिहिले आहे, पण माझ्या मते तेथे आपले सर्वांत जास्त श्रम वाया जात असावेत. ५२ निबंध, प्रत्येकात वीस-पंचवीस लाल खुणा, आणि वही परत मिळाल्यावर मूल फक्त गुण पाहते. अमेरिकेतील हॅस्वेल नावाच्या प्राध्यापकांनी १९८३ साली एक साधी पद्धत मांडली: चूक दुरुस्त करायची नाही, तिचे नावही सांगायचे नाही, ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर पानाच्या समासात, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागेत, फक्त एक खूण करायची. त्यांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अशा सुमारे ६१ टक्के चुका स्वतःच शोधून दुरुस्त केल्या. शाळकरी मुलांत हे प्रमाण कमी राहणार हे गृहीत धरूनच मी ही पद्धत घेतली, आणि तरीही फरक दिसला; विशेषतः ‘नाहि’, ‘आनि’, सुटलेले अनुस्वार यांसारख्या चुका मुलांना माहीत असलेल्याच असतात, घाईत झालेल्या असतात. मूल खुणेच्या ओळीत शोधूनही चूक ओळखू शकले नाही, तर तीच शिकवण्याची चूक. अशा चुका मी वेगळ्या पानावर टिपत असे आणि पंधरवड्याला त्यांतील दोनच प्रकार हाती घेत असे. बाकीच्या डोळ्यांआड करायच्या. हे पहिल्यांदा फार जड जाते.

ज्याचे माप सर्वांत मोठे निघाले त्या पायरीपायरीच्या शिकवण्याबद्दल थोडेच सांगते, कारण ते मुळात अवघड नाही, फक्त आपण ते करत नाही. आपण विषय देतो, मुद्दे देतो आणि लिहा म्हणतो. लिहिणारा माणूस लिहिताना काय करतो हे मुलांनी कधी पाहिलेलेच नसते. म्हणून पहिला निबंध शिक्षकाने फळ्यावर, मुलांसमोर, तयारी न करता लिहावा; लिहिताना मोठ्याने विचार करावा, शब्द खोडावा, वाक्य मागे-पुढे करावे. दुसरा वर्गाने मिळून लिहावा, तिसरा जोडीने, चौथा एकट्याने. आणि एकट्याने लिहायच्या आधी शेजाऱ्याला तोंडी सांगावे. शेजाऱ्याने ‘मग तुला काय दिसलं?’ एवढाच प्रश्न विचारावा. ‘आणि मग’ची रांग येथेच निम्मी मोडते. नमुना निबंध वाचून दाखवण्याचे माप तुलनेने लहान आहे हे वर आलेच आहे, आणि मार्गदर्शकातून पाठ केलेल्या निबंधाला तर लेखन म्हणताच येत नाही.

तासिकांचा हिशेब असा करता येईल. समजा, आपल्याला आठवड्याला मराठीच्या सहा तासिका आहेत आणि त्यांतील दोन व्याकरणाला जातात. त्यांपैकी एक वाक्यजोडणीला द्यावी. उरलेल्या एकीत अभ्यासक्रमातील घटक (समास, प्रयोग, अलंकार) संपवावेत. ओळखण्याचा सराव मुलांना आधीच भरपूर झालेला असल्याने ते एवढ्या वेळात बसते. लेखनाची तासिका पंधरवड्याला एक असेल तर ती आठवड्याला एक करावी, पण दर आठवड्याला नवा विषय देऊ नये. एका आठवड्यात लिहावे, दुसऱ्यात तेच पुन्हा लिहावे.

मुख्याध्यापकांना पटवायचे असेल तर दहावीची कृतिपत्रिका समोर ठेवावी. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांत भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. शिवाय गद्य-पद्यावरील स्वमताच्या उत्तरांतही मुलाला स्वतःची वाक्येच लिहावी लागतात. हे गणित त्यांना संशोधनापेक्षा लवकर पटेल. आपला वर्ग दहावीचा असता आणि परीक्षेला दोन महिने उरले असते, तर मी आपल्याला यातील काहीही करायला सांगितले नसते. ओळखण्याचे १६ गुण आधी हातात घ्या, असेच म्हटले असते. आठवीत आपल्याकडे वेळ आहे.

पालकांची बाजू मात्र आधीच सांभाळा. मी समासात पेन्सिलीने खुणा करायला लागल्यानंतर दोनच महिन्यांत एक वडील शाळेत आले. पोराची वही त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि विचारले, ‘बाई, लाल शाई कुठंच दिसत नाही. वह्या तपासता की नाही तुम्ही?’ मी त्यांना दोन्ही मसुदे दाखवले, खुणांचा अर्थ समजावला, मुलाने स्वतः केलेल्या दुरुस्त्या दाखवल्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि जाताना म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण थोडी लाल असू द्या.’ दुसऱ्या दिवसापासून मी त्याच खुणा लाल पेनाने करू लागले, आणि तक्रार पुन्हा आली नाही.